घर सासऱ्यांच्या नावावर, मुलगा १३ वर्षांचा : बाहेर पडायचं तर कुठे?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. नवरा साखर कारखान्यात कायम कामगार आहे. आम्ही गावात राहतो, घर सासऱ्यांच्या नावावर आहे. मारहाण लग्नापासूनच होती, पण गेल्या महिन्यात त्याने माझा गळा दाबला आणि मधे पडलेल्या मुलालाही मारलं. मुलगा १३ वर्षांचा, सातवीत आहे. मुलगी ६ वर्षांची. भाऊ म्हणतो, ‘तू ये, पण पोरं त्यांची आहेत, तिथेच ठेव.’ मुलांना सोडून मी जाणार नाही. बायकांसाठी सरकारी आसरा असतो असं ऐकलंय, तिथे मोठ्या मुलाला घेतील का? सासू म्हणते, एकदा उंबरा ओलांडलास की घरावरचा हक्क संपला. हे खरं आहे का?
(एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र)

ताई,

आधी गळ्याविषयी, कारण तुम्ही ते एका वाक्यात सांगून पुढे गेला आहात. गळा दाबल्यावर बाहेर वळ उठला नाही तरी आत इजा झालेली असू शकते आणि त्रास उशिराही सुरू होतो. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, धाप लागणं, डोळ्यांत लाल ठिपके येणं, त्या वेळी शुद्ध हरपणं किंवा लघवी होणं, यातलं काहीही झालं असेल तर आज ग्रामीण रुग्णालय गाठा. महिना उलटला असला तरी जा. डॉक्टरांना ‘नवऱ्याने गळा दाबला’ असंच सांगा. ‘पडले’ म्हणालात तर केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे कोर्टात समोरचा वकील तोच कागद वाचून दाखवतो. केसपेपर हातात घ्या, मुलाला लागलं असेल तर त्याचाही वेगळा करा. ज्या घरात हात गळ्यापर्यंत गेला, तिथे पुढचा प्रसंग जिवावर बेतण्याची शक्यता बरीच वाढलेली असते. म्हणून सणवार होऊ दे, परीक्षा होऊ दे, असं आम्ही तुम्हाला सांगणार नाही. आणि सगळ्यात जोखमीची वेळ बाईने घर सोडण्याची असते, तेव्हा भांडणाच्या भरात ‘मी जातेच आता’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका.

सासूबाई सांगतात ते खरं नाही. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात ‘सामायिक घर’ म्हणजे बाई जिथे राहते किंवा कधीकाळी राहिली ते घर. ते कोणाच्या नावावर आहे यावर राहण्याचा हक्क ठरत नाही. सासऱ्यांच्या नावावरच्या घराबाबत पूर्वी सुनांच्या विरोधात निकाल जात, पण ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो जुना अर्थ चुकीचा ठरवला. मे २०२२ च्या प्रभा त्यागी निकालाने तर अर्ज करताना बाई त्या घरात राहत असलीच पाहिजे, ही अटही काढून टाकली. तुम्ही उंबरा ओलांडलात तरी हक्क तुमच्याबरोबर बाहेर येतो. एवढंच लक्षात ठेवा की हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि कोर्ट तो देताना म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचाही विचार करतं.

आता आसऱ्याचं. तीन दारं आहेत, ती वेगवेगळ्या मुदतीची आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिलं सखी केंद्र, म्हणजे वन स्टॉप सेंटर. ही केंद्रं जिल्ह्याच्या ठिकाणी असतात. तिथे पाच दिवसांपर्यंत राहता येतं, डॉक्टर, पोलीस, समुपदेशक आणि वकील यांची मदत एकाच जागी मिळते. दुसरं लांब मुक्कामाचं, पूर्वीची स्वाधार गृहं, आता केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेखाली शक्ती सदन, शिवाय राज्य सरकारची महिला राज्यगृहं. तिसरं सखी निवास, नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. तिथे पगारानुसार भाडं द्यावं लागतं, त्यामुळे ते तुमच्यासाठी नंतरचं. दार कोणतं ठोठवायचं हे कळत नसेल तर १८१ वर फोन करा. ही महिला हेल्पलाइन तुम्हाला जवळच्या सखी केंद्राशी जोडून देते. जीव धोक्यात असेल तर ११२. पोलिसांची गाडी आली की ‘मला आणि मुलांना सखी केंद्रात पोहोचवा’ हे स्पष्ट सांगा, नाहीतर गाडी बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात नेते आणि रात्र बाकावर जाते.

निवारागृहाचा अधिकारी ‘आधी तक्रार करून या’ असं म्हणू शकत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या नियमांत लिहिलं आहे की घटना अहवाल (मारहाणीची लेखी नोंद, ती याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी करतात) दाखल नाही म्हणून आसरा नाकारता येणार नाही, आणि तुमची इच्छा असेल तर तुम्ही तिथे आहात हे नवऱ्याला कळवता येणार नाही. जागाच नसेल तर ‘दुसऱ्या जिल्ह्यातल्या केंद्रात पाठवा आणि तसं पत्र द्या’ असं म्हणा. प्रवेश अर्जावर ‘स्वेच्छेने दाखल होत आहे’ असं लिहा आणि त्याची प्रत ठेवा. स्वेच्छेने आलेली सज्ञान बाई स्वतःच्या इच्छेने बाहेरही जाऊ शकते. काही ठिकाणी बाहेर जाण्याच्या वेळा आणि मोबाइल वापरण्यावर बंधनं असतात, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या, म्हणजे कोर्टाची तारीख किंवा मुलीची शाळा अडणार नाही.

मोठ्या मुलाचं उत्तर कठीण आहे आणि ते आडवळणाने सांगून उपयोग नाही. मिशन शक्तीच्या नियमांत आईबरोबर राहणाऱ्या मुलग्यांना १२ वर्षांपर्यंतच जागा आहे. जुन्या स्वाधार गृहांत ही मर्यादा ८ होती. मुलीची अडचण येणार नाही, पण तुमचा १३ वर्षांचा मुलगा नियमात बसत नाही. सखी केंद्राच्या प्रशासकाशी फोनवर आधीच बोला, पण त्यांच्या होकारावर सगळा बेत उभा करू नका. हा नियम आम्हाला अन्यायाचा वाटतो. आईला वाचवायला मधे पडणारा मुलगा नेमका याच वयाचा असतो, आणि त्यालाच दाराबाहेर थांबायला सांगितलं जातं. अनेक आया याच एका कारणाने परत जातात.

म्हणून आमचं सांगणं असं की निवारागृहाकडे काही दिवसांचा थांबा म्हणून पाहा आणि घराचा किंवा घरभाड्याचा अर्ज त्याच आठवड्यात कोर्टात जाऊ द्या. तेवढ्या दिवसांपुरतं मुलाचं काय, याची पहिली पसंती नात्यातलं भरवशाचं घर. तुमच्या भावाला पुन्हा विचारा, पण प्रश्न बदला. ‘आम्हाला ठेव’ असं न म्हणता ‘भाच्याला तीन आठवडे ठेव, तेवढ्यात मी खोली बघते’ असं विचारा. मुदत दिसली की माणसं बऱ्याचदा तयार होतात. पोरं त्यांची आहेत हे त्याचं म्हणणं कायद्यातही बसत नाही. कोर्टाचा ताब्याचा आदेश नसताना आईने स्वतःची मुलं सोबत नेली तर तो गुन्हा होत नाही.

नात्यातलं कोणी तयार नसेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जा. समिती मुलाला काही काळ बालगृहात ठेवू शकते, तिथून त्याची शाळा चालू राहते आणि तुम्ही भेटू शकता. इथे एक काळजी घ्याच. अर्जात ‘आई सुरक्षित घर मिळेपर्यंत तात्पुरता निवास’ असे शब्द असू द्या आणि ‘समर्पण’ असं लिहिलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नका. बाल न्याय कायद्यात समर्पणाचा अर्थ मुलावरचा हक्क सोडणं असा होतो, आणि फेरविचाराला दोनच महिने मिळतात. मुलाला नवऱ्याकडे मागे ठेवणं हा आमच्या मते शेवटचाही पर्याय नाही. तो मार खाईलच, शिवाय ‘परत ये, नाहीतर पोरगं भेटणार नाही’ हा निरोप त्याच्याच तोंडून येईल. त्याला सगळा बेत आधी सांगू नका, पण निघाल्यावर मात्र खरं सांगा. ताटातूट थोड्या दिवसांची आहे आणि त्याच्या चुकीमुळे नाही, हे त्याने तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

निघण्याआधी कागद बाहेर काढा. तिघांची आधार कार्डं, मुलांचे जन्मदाखले, प्रगतिपुस्तकं, तुमचं पासबुक, रेशन कार्डाची झेरॉक्स, लग्नपत्रिका किंवा लग्नातला फोटो, दवाखान्याचे कागद, नवऱ्याची पगाराची चिठ्ठी, घराच्या नमुना ८ चा उतारा किंवा घरपट्टीची पावती. मूळ कागद एकदम नाहीसे झाले तर संशय येतो, म्हणून एकेक न्या आणि आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा मुलीच्या वर्गशिक्षिका यांच्यापैकी एकीकडेच ठेवा. दागिन्यांचा फोटो काढा, सराफाच्या पावत्या असतील तर त्यांचाही. स्त्रीधन परत मिळवण्याचा आदेश कोर्ट याच अर्जात देतं, पण काय होतं हे दाखवावं लागतं. कागद मिळाले नाहीत तरी त्यांच्यासाठी परत घरात शिरू नका. नवे काढता येतात.

फोन ही सगळ्यात मोठी फट आहे. आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असेल तर तुमचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. नवीन सिम घ्या, आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला (त्याला कागद लागत नाहीत, बोटांचे ठसे लागतात), आणि मग दुसऱ्या बँकेत फक्त तुमच्या नावाचं खातं उघडा. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आधार ज्या खात्याशी जोडलंय तिथे जातात. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात कोणाकडे आहे ते आठवा आणि नव्या खात्याला आधार जोडून घ्या. जुना फोन सोबत नेणार असाल तर लोकेशन बंद करा, गुगल खात्याचा पासवर्ड बदला आणि व्हॉट्सॲपमधल्या जोडलेल्या उपकरणांतून अनोळखी संगणक काढून टाका. मुलाच्या गेमच्या आणि इन्स्टाग्रामच्या खात्यांवरूनही पत्ता फुटतो. हे उत्तर घरच्या फोनवर वाचत असाल तर वाचून झाल्यावर ब्राउझरची हिस्ट्री पुसा.

तुम्ही निघाल्यावर एक-दोन दिवसांत नवरा पोलीस ठाण्यात ‘बायको-मुलं हरवली’ अशी मिसिंग तक्रार देईल, हे जवळजवळ ठरलेलं धरा. मग पोलीस शोधत येतात आणि ‘घरी चला, जबाब द्या’ म्हणतात. त्याआधीच तुमचं पत्र तिथे पोहोचलेलं हवं. मजकूर चार ओळींचा पुरे : ‘मी (नाव, वय) दिनांक अमुक रोजी पतीच्या मारहाणीमुळे स्वतःच्या इच्छेने, मुलगा व मुलगी यांच्यासह घर सोडले आहे. आम्ही सुरक्षित आहोत. माझा सध्याचा पत्ता पती व सासरच्या लोकांना कळवू नये. जबाब आवश्यक असल्यास संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत नोंदवावा.’ हे गावच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. सखी केंद्रातूनच पाठवून घेतलंत तर आणखी चांगलं.

आता कोर्ट. सखी केंद्रातले पाच दिवस भरकन जातात, म्हणून दुसऱ्याच दिवशी संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटना अहवाल भरा. त्यात ‘वारंवार मारहाण’ असं मोघम लिहू नका. तारीख आठवत नसेल तर ‘बेंदराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी’ असं लिहा, कशाने मारलं, कोण होतं तेही. गळा दाबल्याचा आणि मुलाला मारल्याचा प्रसंग वेगवेगळा लिहा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. बायकांना हा वकील उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, आणि त्याने तुमच्याकडे पैसे मागायचे नसतात. अर्ज गावाच्याच कोर्टात करावा लागतो असं नाही, तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढेही चालतो. मात्र अर्जाची प्रत नवऱ्याला जाते, म्हणून पत्त्याच्या रकान्यात संरक्षण अधिकारी किंवा वकिलाचा पत्ता द्यायला सांगा.

अर्जात काय मागायचं यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नवऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ खाली मिळू शकतो, पण असा आदेश कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही, म्हणजे सासूबाई घरातच राहणार. तुमच्या घरात सासूचाही जाच असेल तर त्या छपराखाली परत जाण्याची एकच मागणी करून थांबणं आम्हाला योग्य वाटत नाही. मुख्य मागणी घरभाड्याची ठेवा. त्याच कलमात पर्यायी घर किंवा त्याचं भाडं देण्याची तरतूद आहे, आणि ते घर सध्याच्या घराच्या दर्जाचं असावं असं कायदाच म्हणतो. पर्यायी मागणी म्हणून घरातला स्वतंत्र भाग आणि नवऱ्याला तिथे यायला मनाई मागा. सोबत घर विकू नये किंवा दुसऱ्याच्या नावावर करू नये हा मनाईहुकूम, स्त्रीधन, कलम १८ चा संरक्षण आदेश, कलम २० खाली दरमहा खर्च आणि कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा. ताब्याची मागणी विसरू नका, नवरा पहिला अर्ज त्याचाच करील.

भाड्याचा आकडा हवेत सांगितला की कोर्ट अर्ध्यावर आणतं. तालुक्याच्या गावात शाळेजवळच्या दोन-तीन खोल्यांचं भाडं आणि डिपॉझिट विचारून घरमालकाचं नाव-पत्त्यासह लिहून न्या. मुलांची फी, दप्तर, रिक्षा, औषधं वेगळी मांडा. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात ठरवून दिलं आहे. नवरा कायम कामगार आहे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. त्याने आदेशाप्रमाणे पैसे दिले नाहीत तर कलम २०(६) खाली कोर्ट थेट कारखान्याला त्याच्या पगारातून ठरलेली रक्कम तुम्हाला द्यायला सांगू शकतं. ही मागणी पहिल्याच अर्जात घाला. नाहीतर आदेश होतो, दोन महिने पैसे येतात, मग बंद पडतात आणि वसुलीसाठी तुम्हाला पुन्हा चकरा माराव्या लागतात.

कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने लागतात. म्हणून कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह त्याच दिवशी दाखल करा. धोका मोठा असेल तर नवऱ्याला न ऐकताही असा आदेश देता येतो, आणि गळा दाबल्याचा केसपेपर तिथे कामाला येतो. प्रकरण अडतं ते बहुधा नोटिशीवर. ‘घरी मिळून आले नाहीत’ असा शेरा येतो आणि तारीख पडते. घराबरोबर कारखान्याचा पत्ता, खातं आणि पाळी लिहून द्या. नोटीस बजावणं संरक्षण अधिकाऱ्यांचं काम आहे, तारखेच्या चार दिवस आधी बजावल्याचा अहवाल मिळाला का ते विचारा.

फौजदारी तक्रार यापेक्षा वेगळी. पूर्वीचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. ती आधी करा, नंतर करा किंवा करू नका, घराचा अर्ज त्यावर अडत नाही. ठाण्यात ‘आधी समुपदेशन घ्या, मग बघू’ असं म्हणाले तरी त्यापायी कोर्टाचा अर्ज लांबवू नका.

शाळेचं काम लगेच करा. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. पण नव्या शाळेने मुलांचं नाव ऑनलाइन मागवलं की जुन्या शाळेला नव्या शाळेचं नाव दिसतं. मागवण्याआधी दोन्ही मुख्याध्यापकांना भेटा किंवा सखी केंद्रातून पत्र द्या की माहिती वडिलांना देऊ नये, आणि मुलांना शाळेतून कोण नेऊ शकेल त्यांची नावं लिहून द्या. बस्तान बसलं की जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. संकटातल्या एकल पालकाच्या मुलाला त्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात. चौकशी आणि बाल कल्याण समितीचा आदेश होईपर्यंत वेळ जातो, म्हणून ते पैसे पहिल्या भाड्याच्या हिशेबात धरू नका.

आदेश मिळाला की त्याच्या प्रती मोफत मिळतात. एक गावच्या ठाण्यात, एक नव्या राहण्याच्या ठिकाणच्या ठाण्यात पोच घेऊन द्या, एक पर्समध्ये ठेवा. नवरा नव्या खोलीपाशी किंवा शाळेच्या फाटकाशी आला तर ११२ वर फोन करून ‘संरक्षण आदेशाचा भंग’ हेच शब्द वापरा. त्या भंगाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. ठाणे अंमलदाराला कलम आठवलं नाही तर आदेशाची प्रत पुढे करा.